पान एक, ओळ सात

मंगळवार, १२ मार्च

सोळा! आज बसून मोजले. आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयाच्या प्रोग्राममध्ये कसली ना कसली यादी दाखवणारे सोळा स्क्रीन आहेत आणि सोळाही ठिकाणी तोच जावा कोड, थोडा इकडे थोडा तिकडे करून डकवलाय. एका जागी दुरुस्त करावं तर पंधरा जागी राहतंच. ज्याने हे केलं तो गृहस्थ नोकरी सोडून केव्हाच मोकळा झाला आणि मी बसलेय निस्तरत.

वैताग आला की माझं डोकं चालतं. दोन क्लास, म्हणजे कोडचे दोन सुटे भाग, लिहायचे, बस्स. एक विचारणारा: डेटाबेसला विचारायचं की कोण हवेत आणि कुठल्या क्रमाने. दुसरा पानं पाडणारा: आलेल्या नावांची वीस-वीसची पानं करायची आणि जे पान मागाल तेवढंच आणून द्यायचं. एकदा नीट लिहायचे आणि सोळाही ठिकाणी तेच दोन वापरायचे. साहेबांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, तीन आठवडे. तोंडातून निघून गेलं. आता भोगा.

ही वही शंकासुराच्या सांगण्यावरून. शंकासुर म्हणजे आमचा टेस्टिंगवाला, त्याला दिवसभर शंका येतात. "काय ठरवलंस ते लिहून ठेव," म्हणाला, "नंतर भांडायला बरं."

घरी आले तर आत्याने दारातच सुई पुढे केली. ओवून दे म्हणाली. मी सहा वर्षांची असल्यापासून या बाईने मशीनवर लोकांचे शर्ट शिवून मला वाढवलं, आणि आता सुई माझ्याकडून ओवून घ्यावी लागते म्हणून तिचा चेहरा असा होतो की जणू मीच काहीतरी केलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आमच्याच रुग्णालयात सप्टेंबरपासून यादीत आहे. यादी सहाशेची, ऑपरेशनं आठवड्याला वीस. तेव्हा एप्रिलमध्ये कधीतरी नंबर लागेल.

गुरुवार, २१ मार्च

आज फोनताईंच्या खोलीत दोन तास. दर सोमवारी ऑपरेशनची तारीख द्यायला पेशंटांना फोन करायचा, हे त्यांचं काम. एक टेबल, एक फोन, सहाशे नावांची छापील चळत, पट्टी आणि लाल पेन्सिल. फोन झाला की पट्टी ठेवून रेघ मारायची. तेरा वर्षं हेच.

"मॅडम, माझा कागद बरा आहे हो. रेघ नसलेला माणूस लगेच दिसतो."

मी समजावलं. नव्या स्क्रीनवर तारीख दिली की ते नाव यादीतून आपोआप जाणार, रेघ मारायची गरजच नाही. वीस झाले की 'पुढचं पान' दाबायचं. त्यांनी मान हलवली, पण पेन्सिल काही हातातली सोडली नाही.

निघताना म्हणाल्या, "तुमच्या आत्यांचं नाव आता अगदी..."

"ताई, नको. सांगू नका."

"अहो, नुसता नंबर सांगत होते."

"नंबरही नको. येईल तेव्हा येईल."

मी इथे कामाला आहे म्हणून आत्या चार माणसं ओलांडून पुढे जावी, हे मला चालणार नाही. वशिल्याने पुढे घुसणाऱ्यांबद्दल मी आयुष्यभर तोंड सोडलंय. रांग म्हणजे रांग. घरी येऊन आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं केलंस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नंबर विचारायला काय हरकत होती गं?"

बुधवार, ३ एप्रिल

क्लास झाले! काल आणि आज मिळून चाळीस चाचण्या लिहिल्या, सगळ्या पास. शंभर बनावट नावं घातली, पाचही पानं बघितली, एक नाव इकडचं तिकडे नाही. क्रम पक्का, आधी नोंद तो आधी. मी खुर्चीत बसल्या बसल्या गोल फिरून घेतलं.

शंकासुराने आनंदावर विरजण घातलंच. "ही शंभर नावं जागची हलत नाहीत. एक पान बघून दुसरं उघडेपर्यंत पहिल्या पानावरची माणसं उठून गेली तर?"

"माणसं उठून कुठे जातील?"

"मला काय माहीत? मी विचारतोय."

मी म्हटलं, तुला दुसरे उद्योग नाहीत का. पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं: 'पान उलटताना यादी बदलली तर? नंतर बघू.' सोमवारी सुरू करायचंय, साहेब रोज दोनदा डोकावतात. आता कुठे ते घेऊन बसू!

आणखी एक सोय मी माझ्या मनाने घातली. स्क्रीन शेवटचं पान लक्षात ठेवतो. फोनताईंनी या सोमवारी जिथे सोडलं तिथेच पुढच्या सोमवारी उघडेल. दर वेळी पहिल्यापासून पानं उलटत बसायला नको. कुणी सांगितलं नव्हतं, पण असं काही सुचलं की मला माझाच जरा अभिमान वाटतो.

सोमवार, ८ एप्रिल

सुरू झालं. मी ताईंच्या मागे उभी. वीस फोन झाले, वीस तारखा दिल्या. 'पुढचं पान' दाबलं, पापणी लवायच्या आत नवी वीस नावं हजर.

ताई थबकल्या. "ही नावं ओळखीची नाहीत वाटत."

"स्क्रीन नवीन आहे ना, म्हणून वाटतंय तसं."

हसल्या बिचाऱ्या. पुढच्या सोमवारी इथूनच सुरू. साहेब खांद्यावर थाप मारणार होते, पण बाई आहे हे आठवून हात मागे घेतला. घरी येताना जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढले.

शुक्रवार, २६ एप्रिल

आत्याने माझ्यासाठी निळा शर्ट शिवला. खूश होऊन घातला आणि आरशात बघितलं तर बटणं एका काजाने खाली सरकलेली. वरचं काज रिकामं, खाली एक बटण जास्तीचं. आमच्या धंद्यात मोजणी एकाने चुकणं रोजचंच. पण तिच्या हातून? कॉलर उलटी लागली म्हणून शिकाऊ मुलींना रडवणारी बाई ही!

"कसा झालाय?"

"मस्त."

"खाली जरा ओढल्यासारखा दिसतोय का?"

"नाही गं, छान बसलाय."

तोच घालून कामावर गेले. एप्रिल संपत आला. फोन आलेला नाही. आठवडाभर इकडेतिकडे होणारच.

मंगळवार, १४ मे

फोनताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या. अशा कधी येत नाहीत.

"मॅडम, एक सुतार आहेत. ऑगस्टअखेरची नोंद. तीनदा फोन करून विचारलं त्यांनी, माझा नंबर कधी. माझ्या पानावर ते येतच नाहीत."

"येतील की. क्रमानेच येतात."

"पण कागदावर ते पार वर होते. मला आठवतंय ना."

मला चिडायचं नव्हतं, पण चिडले. यंत्र विसरत नाही, माणूस विसरतो, असं काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. जाता जाता विचारलं, "आणि तुमच्या आत्यांचं झालं का ऑपरेशन? त्यांना मी फोन केल्याचं आठवत नाही."

पुन्हा तेच! मला खूश करायला बघतात. "ताई, तो विषय आपल्यात नको," म्हटलं. त्या गेल्या आणि मग तासभर माझं कशात लक्ष लागेना. पिवळी चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती, ती काढून खणात टाकली.

बुधवार, ५ जून

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेला तारीख मिळाली. जिन्यात थांबवून सांगितलं. नोंद जानेवारीतली.

आत्याने दारामागून ऐकलं होतं. जेवताना म्हणाली, "त्या माझ्यानंतरच्या ना?"

"त्यांची केस वेगळी असेल. डॉक्टर ठरवतात."

"फोन आपल्या जुन्या नंबरावर तर नाही ना जात?"

"नाही. मी स्वतः तपासलाय."

"एकदा विचारून बघ ना गं."

"आत्या, सगळ्यांनी असं विचारत बसलं तर यादी कशाला ठेवायची? फोन प्रत्येकाला जातो. प्रत्येकाला!"

आवाज चढलाच माझा. ती ताट उचलून आत गेली आणि ओट्यापाशी कशावर तरी आपटली. मी उठून बघितलं तर स्टूल रोजच्याच जागी होतं.

गुरुवार, २० जून

साहेबांनी बैठकीत तक्ता दाखवला. फोन येईपर्यंत पेशंटला सरासरी सात महिने थांबावं लागायचं, आता साडेचार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, ही नव्या स्क्रीनची कमाल. ऑगस्टपासून तिन्ही शाखांत हेच दोन क्लास बसवायचे.

शंकासुर टाळी वाजवता वाजवता माझ्या कानाशी आला. "ऑपरेशनं आठवड्याला वीसच होतात ना अजून? मग थांबणं कमी झालं कसं?"

"तुला कुणाचं चांगलं बघवत नाही."

"बघवतं की. हिशोब लागत नाही एवढंच."

बाहेर येऊन पाणी प्यायले. खरं सांगायचं तर मलाही लागला नाही. पण टाळ्या तर वाजून गेल्या होत्या. हल्ली बसल्या जागी पाय हलवत राहते. आत्या म्हणते, लहानपणी खोटं बोललीस की असंच करायचीस. मी कुठे खोटं बोलतेय?

शनिवार, १३ जुलै

सकाळी सहाला आत्या कण्हत होती. डावा डोळा लाल, दगडासारखा टणक. डोकं दुखतंय म्हणाली, मग दोनदा उलटी. रिक्षात माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आधी नर्सला भराभर औषधं सांगितली. मग माझ्याकडे वळल्या. मोतीबिंदू फार पिकलाय, फुगून डोळ्यातलं पाणी अडलं, दाब चढला. कागद चाळले.

"सप्टेंबरची नोंद? यांना एप्रिलमध्ये बोलावलं असणार. आला का नाहीत?"

"फोन आला नाही."

"असं कसं होईल? फोन प्रत्येकाला जातो."

माझंच वाक्य. माझ्याच ठसक्यात.

रविवार, १४ जुलै

कामावर कुणी नव्हतं. आत्या वॉर्डात झोपली होती. मी फोनताईंच्या खोलीत जाऊन स्क्रीन उघडला. चौदा आठवडे झाले, स्क्रीनने पान पंधरा दाखवलं. 'मागचं पान' दाबत गेले. चौदा, तेरा, बारा... पान एक.

या पानावर कुणी गेलंच नव्हतं. वीसच्या वीस नावं ऑगस्ट-सप्टेंबरची. पहिल्या ओळीवर सुतार. सातव्या ओळीवर आत्या.

कसं झालं ते दोन मिनिटांत कळलं. म्हणजे तीन महिने आणि दोन मिनिटं. खुर्च्यांच्या ओळी समजा. पहिल्या ओळीतले वीस जण तारीख घेऊन उठून गेले. मागची ओळ सरकून पुढे बसली. आणि माझा क्लास मात्र पहिली ओळ झाली म्हणून सरळ दुसरीकडे गेला, जिथे आता तिसरी बसलेली. पुढे सरकलेल्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. हे दर आठवड्याला होत राहिलं. वीस बोलावले, वीस गाळले. नवे पेशंट लवकर बोलावले गेले म्हणून थांबणं कमी दिसलं. पुढच्या सोमवारी तरी स्क्रीन पहिल्या पानावर उघडला असता तर ती माणसं समोर आली असती. पण तो शेवटचं पान लक्षात ठेवतो. माझी सोय.

एप्रिलच्या त्या पहिल्या दिवशी आत्या सत्ताविसावी होती. सात जणांनी हुकली, आणि मी ताईंच्या मागे उभी राहून बघत होते.

चौदा पानं, दोनशे ऐंशी माणसं. खण उघडून पिवळी चिठ्ठी काढली आणि खूप रडले.

सोमवार, १५ जुलै

शंकासुराला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, मी सांगितलं होतं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. दुरुस्ती अकरा ओळींची. पानाचा नंबर लक्षात ठेवायचा नाही. जोवर तारीख दिलेली नाही तोवर माणूस वरच राहील आणि स्क्रीन नेहमी वरूनच उघडेल. फोनताईंच्या कागदावर तेरा वर्षं हेच होतं.

साहेबांचा चेहरा उतरला. पण डॉक्टरांशी बोलून त्यांनी आठवड्याला आणखी दोन दिवस ऑपरेशनं मिळवली, शाखांचं काम थांबवलं. माणूस वाईट नाही. मला मात्र दार लावून म्हणाले, "पेशंटांना तांत्रिक अडचण होती एवढंच सांगायचं. घरीसुद्धा. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण लाज वाटतेय: ते ऐकून मला बरं वाटलं.

मंगळवार, १६ जुलै

पहिल्या पानापासून फोन. अर्धे ताई, अर्धे मी. ताईंनी कुठूनतरी जुनी चळत काढली आणि लाल पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

सुताराकडे बराच वेळ घंटी वाजली. मग धापा टाकत आवाज आला, "थांबा हं, ठेवू नका. भिंत धरून यावं लागतं."

तांत्रिक अडचण म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "काका, तुम्हाला एप्रिलमध्ये फोन जायला हवा होता. माझ्या चुकीने राहिला."

पलीकडून, "करवत विकली की हो मी." त्यांनी तारीख लिहून घ्यायला कुणालातरी हाक मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मे महिन्यात मी काय बोलले होते ते मला आठवलं. माफी मागितली. म्हणाल्या, "पुढचा नंबर लावा आधी."

शनिवार, २७ जुलै

आत्याचा डावा डोळा गेला. दाब उतरला, ऑपरेशनही झालं, पण आतली नस मेली होती. उजव्याचं ऑपरेशन बुधवारी झालं, तो उत्तम दिसतोय. तिला हे सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी सांगितली ती फक्त तांत्रिक अडचण. बारा दिवस तेवढंच. शंभर अनोळखी माणसांना फोनवर खरं सांगते आणि घरी येऊन गप्प.

आज दुपारी ती खिडकीशी बसून एकेक वस्तू बघत होती. भांडी किती काळी ठेवलीस म्हणाली, माझे केस पांढरे झाले म्हणाली. मग तिची नजर माझ्या शर्टावर थांबली.

"इकडे ये."

गेले. तिने बटणांवरून बोट फिरवलं, वरून खाली.

"हे मी शिवलं?"

"हो."

"एप्रिलपासून असं घालून हिंडतेयस? आणि मला मस्त म्हणालीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं तर वाटलं असतं! माझ्या हातची चूक मला नको का कळायला?"

मग मी बोलले. उभ्या उभ्याच, अडखळत. दोन क्लास, खुर्च्यांच्या ओळी, लक्षात ठेवलेलं पान, पिवळी चिठ्ठी, ताईंना गप्प केलं ते, करवत विकलेला सुतार. कशातलं काय तिला कळलं कोण जाणे. शेवटी तिने विचारलं, "किती जण?"

"दोनशे ऐंशी. तुझ्यासकट."

"मी कितवी?"

"पहिल्याच पानावर. सातवी."

"म्हणजे नुसतं विचारलं असतंस तरी..."

"हो."

"दोनदा सांगितलं होतं मी तुला."

"हो, आत्या."

तिने तोंड फिरवलं. माझा पाय हलत नव्हता, हे मला मधेच जाणवलं.

"शर्ट काढून दे," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आणि कात्री."

मी दुसरा घालून आले. तिने सातही बटणं एकेक करून कापली, मांडीवर ओळीने ठेवली. मग सुई-दोरा घेतला. दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा धरला, पुन्हा बाजूने. एकाच डोळ्याने जवळ-लांब कळत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. माझा हात आपोआप पुढे गेला.

"नको," ती म्हणाली. "हात नको लावूस."

पाचव्या वेळी ओवली. तिने मला बस म्हटलं नाही, पण ऊठही म्हटलं नाही. मी समोर बसून राहिले. वरच्या काजावर बटण धरून तिने पहिला टाका घातला, मग सुई थांबवून विचारलं, "त्या सुताराला तारीख कधीची दिलीस?"